पाठीवरच्या ब्लॅकहेड्ससाठी सॅलिसिलिक ॲसिडचा स्प्रे : किती उपयोगी, कुठे अपुरा

पाठीवरचे ब्लॅकहेड घालवण्यासाठी म्हणून बॉडी वॉश, स्क्रब, चिकटपट्ट्या, लांब दांड्याचे ब्रश असे बरेच काही विकले जाते आणि अलीकडे त्यांत स्प्रेची भर पडली आहे. २ टक्के सॅलिसिलिक ॲसिड असलेला, फवारून तसाच ठेवायचा असा एक स्प्रे मी गेले काही महिने नियमाने वापरला; बाकीच्या वस्तूंचा अनुभव त्याआधीच घेऊन झाला होता. माझे मत आधीच सांगून टाकतो. नवे ब्लॅकहेड होऊ नयेत यासाठी आणि बारीक ब्लॅकहेड सैल करण्यासाठी हा स्प्रे खरोखर चांगला आहे. जुन्या, मोठ्या ब्लॅकहेड्सपुढे तो अपुरा पडतो. आणि बाटलीची बनावट आतल्या द्रवाच्या तोडीची नाही.

ब्लॅकहेड म्हणजे केसाच्या मुळाशी असलेल्या नलिकेत त्वचेचे तेल आणि केराटिनयुक्त मृत पेशी साठून तयार झालेले बूच. त्याचे तोंड उघडे राहते, आणि मेलॅनिन हे रंगद्रव्य व हवेशी संपर्क येऊन ऑक्सिडीकरण झालेली तेले यांमुळे ते काळे दिसते. तो काळेपणा मळाचा नसल्यामुळे घासून जात नाही. चेहऱ्याप्रमाणेच पाठीच्या वरच्या भागातही तैलग्रंथी मोठ्या प्रमाणात असतात, म्हणून बहुतेकांना त्रास होतो तो मानेखाली आणि खांद्यांच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे नेमका जिथे स्वतःचा हात धड पोहोचत नाही तिथे. पाठीसाठीच्या कोणत्याही औषधाची परीक्षा इथूनच सुरू होते, कारण घटक कितीही गुणकारी असला तरी तो त्या पट्ट्यापर्यंत रोज पोहोचला नाही तर त्याचा उपयोग शून्य.

सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळते. त्यामुळे तेलाने भरलेल्या छिद्रात शिरून तेथील मृत पेशींची एकमेकींना असलेली घट्ट पकड सैल करणे त्याला जमते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी लागतात : द्रावण पुरेसे आम्लधर्मी असावे, साधारण ३ ते ४ पीएचच्या आसपास, आणि ते त्वचेवर काही काळ टिकावे. हेच सॅलिसिलिक ॲसिड बॉडी वॉशमध्ये असते तेव्हा ते बहुतेक वेळा लावल्याबरोबर पाण्याने वाहून जाते. बॉडी वॉश वापरायचाच असेल तर पाठीवर फेस चोळून तीन ते पाच मिनिटे थांबावे लागते, आणि न्हाणीघरात उघड्या पाठीने तेवढा वेळ रोज उभे राहण्याचा संयम फार थोड्यांकडे असतो. स्प्रे एकदा फवारला की रात्रभर आपले काम करत राहतो. माझ्या दृष्टीने त्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे.

आता बाटलीविषयी. बाटली खांद्यावरून मागे नेऊन फवारायची तर ती जवळजवळ उलटी होते. तसे झाले की आतल्या नळीचे टोक द्रवाबाहेर येते, आणि पहिल्या एका फवाऱ्यानंतर नुसती हवा फुसफुसते. बाटली भरलेली असताना हे फारसे जाणवत नाही. निम्मी संपल्यावर मात्र कमरेकडून वर हात नेऊन, बाटली सरळ धरून फवारावे लागते, आणि त्या कोनातून औषध मानेखाली कमी व पाठीच्या मध्यावर जास्त पडते. पाठीसाठी म्हणूनच बनवलेल्या वस्तूत ही उणीव राहावी याचे नवल वाटते. फवाऱ्याचे थेंबही एकसारखे नाहीत : काही धुक्यासारखे बारीक, तर काही इतके मोठे की कण्यावरून ओघळत थेट कमरेपर्यंत जातात. औषध वाळेपर्यंत सदरा घालता येत नाही आणि वाळल्यावरही किंचित चिकटपणा राहतो. द्रावणात अल्कोहोल बरेच आहे. खरचटलेल्या किंवा नुकतेच केस काढलेल्या त्वचेवर ते चांगलेच झोंबते.

परिणामाबाबत लेबलावर ‘काही दिवसांत’ असे लिहिलेले आहे, ते मनावर घेऊ नये. त्वचेचा वरचा थर नव्याने तयार व्हायलाच महिनाभर लागतो, त्यामुळे अशा कोणत्याही उपचाराला सहा ते आठ आठवडे दिल्याशिवाय त्याच्याविषयी मत बनवणे घाईचे ठरते. ठरावीक अंतराने एकाच उजेडात पाठीचे फोटो काढून घेतल्यामुळे फरक मला नीट ताडून पाहता आला. खांद्यांलगतचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आधी फिके झाले आणि मग एकेक करून दिसेनासे झाले. हात फिरवल्यावर लागणारा खरखरीतपणा त्याहून लवकर कमी झाला. मानेखालचे दोन-तीन मोठे, खोल ब्लॅकहेड मात्र जसेच्या तसे राहिले.

अशा जुन्या बुचांसाठी अधिक योग्य औषध म्हणजे रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाशी नाते असलेल्या औषधांचा गट), विशेषतः ०.१ टक्का ॲडापॅलीन जेल. छिद्राच्या आतल्या पेशींची वाढ आणि झड सुरळीत करून ते बूच मुळातच तयार होऊ देत नाही. अमेरिकेत २०१६ पासून ते चिठ्ठीशिवाय मिळते. अनेक देशांत आजही डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सोलवटते, म्हणून ते एक दिवसाआड आणि थोडेसेच लावावे. पण हे जेल फवारता येत नाही, बोटानेच पसरावे लागते, आणि पाठीच्या मध्यभागी ते लावायला दुसऱ्या कुणाची तरी मदत लागते. स्प्रे आणि ॲडापॅलीन एकाच रात्री लावण्याचा उत्साह आवरलेला बरा. आलटून पालटून वापरल्यास जळजळ होण्याची शक्यता कमी. बेंझॉइल पेरॉक्साइडची शिफारसही पुष्कळजण करतात, पण त्याचा खरा उपयोग लाल, पू धरलेल्या मुरमांवर आहे, ब्लॅकहेड्सवर तुलनेने कमी. शिवाय ते रंगीत कपड्यांचा आणि टॉवेलांचा रंग कायमचा उडवते.

बाकीच्या वस्तूंविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चिकटपट्टी बुचाचे वरचे टोक तेवढे ओढून काढते आणि छिद्र पुन्हा भरते. दाणेदार स्क्रब आणि कडक ब्रश त्वचेला ओरखडे पाडतात. सावळ्या त्वचेवर अशा जखमेमागे अनेकदा तपकिरी डाग राहतो आणि तो मूळ ब्लॅकहेडपेक्षाही जास्त काळ ठाण मांडून बसू शकतो. नखांनी दाबण्याचेही तेच.

स्प्रेसोबतच्या माहितीपत्रकात प्रतिबंधाविषयी एक ओळही नाही, ही मला त्यातली सर्वांत मोठी त्रुटी वाटते. केसांना लावलेला कंडिशनर आणि तेल धुताना पाठीवरून वाहते आणि त्याचा थर तिथेच राहतो, म्हणून आधी केस धुऊन, ते वर बांधून, मग पाठ धुवावी. हा क्रम बदलायला काही खर्च येत नाही आणि माझ्या अनुभवात त्याचा फायदा स्प्रेच्या खालोखाल आहे. पाठीवरची जड पिशवी, घट्ट पट्टे, घामात भिजलेले तंग कपडे यांच्या सततच्या घर्षणाने आणि दाबाने छिद्रे अधिक चोंदतात. व्यायामानंतर लगेच अंघोळ शक्य नसेल तर निदान सदरा बदलून कोरडा तरी घालावा. त्वचा कोरडी पडली तर हलके, छिद्रे न चोंदवणारे मॉइश्चरायझर लावावे. खोबरेल तेलासारखी जड तेले या भागावर टाळलेली बरी.

हा स्प्रे सर्वांसाठी नाही. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी तो वापरू नये, आणि गरोदरपणात किंवा लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण पाठ हा मोठा भाग आहे आणि औषध त्वचेतून काही प्रमाणात शरीरात शोषले जाते. गरोदरपणात ॲडापॅलीनही टाळतात. पाठीवर एकाच आकाराच्या, खाज सुटणाऱ्या बारीक पुटकुळ्या असतील तर तो बहुधा मॅलॅसेझिया या यीस्टचा त्रास असतो. त्याला बुरशीविरोधी औषध लागते. प्रौढ वयात एकच मोठे, काळे, वर्षानुवर्षे टिकलेले छिद्र दिसले तर तो विनर या त्वचारोगतज्ज्ञाने १९५४ मध्ये वर्णन केलेला, त्याच्याच नावाने ओळखला जाणारा विस्फारित छिद्राचा प्रकार असू शकतो. तो कितीही वेळा रिकामा केला तरी पुन्हा भरतो आणि छोट्या शस्त्रक्रियेनेच कायमचा जातो. आकार किंवा रंग बदलणारा, रक्त येणारा काळा ठिपका असेल तर त्यावर काहीही न फवारता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा.

बारीक ठिपके गेल्यावर रोजची फवारणी मी आठवड्यातून दोन-तीनदा इतकी कमी केली आहे आणि तेवढ्यावर भागते; पूर्ण बंद केल्यास ब्लॅकहेड परत येतात, कारण तैलग्रंथींचे काम काही थांबलेले नसते. पाचपैकी मी या स्प्रेला साडेतीन तारे देईन, आणि पुढची बाटली घेताना घटकांची यादी वाचण्याआधी ती उलटी धरूनही फवारते का ते विचारीन.