भिजलेला फोन: तांदळाचा डबा, कंपनीचं काउंटर की गल्लीतला कारागीर?

जुलैत जांबोटीहून बेळगावला दुचाकीवर यायचं तर रेनकोट म्हणजे नुसतं मनाचं समाधान. हे ठाऊक असूनही मी फोन शर्टाच्या खिशात ठेवला. पिरनवाडी येईस्तोवर खिशात तळं साचलं होतं. घरी येऊन बघतो तर स्क्रीनला आतून धुकं चढलेलं, आणि कॅमेऱ्याच्या काचेमागे एक थेंब गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखा इकडून तिकडे सरकतोय.

फोन गेला तर गेला, तीन वर्षं वापरला होता. पण माझा धंदा मंडपाचा, आणि गणपती तोंडावर. ‘जनरेटर खानापूर’, ‘पडदे निपाणी’, ‘ताडपत्री शहापूर’, ‘खुर्च्या हिंडलगा २’ अशा नावांनी सेव्ह केलेले सहाशेवर नंबर त्यात. माणसांची खरी नावं मलाही आठवत नाहीत, तर नंबर कुठले आठवणार? आणि गुगलवर बघितलं तर एकही नाही. फोन घेताना दुकानातल्या पोराने सगळं ‘फोन’मध्ये सेव्ह होईल असं करून दिलं होतं, ते मी कधी उघडूनही बघितलं नव्हतं.

त्या आठवड्यात तिन्ही वाटा चालून झाल्या, म्हणून लिहितोय. ज्यांचे नंबर गुगलमध्ये आहेत त्यांना यातलं फारसं काही लागायचं नाही; नव्या फोनमध्ये खातं उघडलं की झालं.

कुठल्याही वाटेने जा, फोन लगेच बंद करा, सिम काढा आणि चार्जरला हात लावू नका. माझ्या चिरंजीवांनी ‘चालू होतोय का बघूया की’ म्हणत दहा मिनिटं चार्जिंगला लावला होता. नुसत्या पाण्याने फोनच्या आतला सर्किट बोर्ड लगेच मरत नाही. पाण्यात क्षार असतात, वर बॅटरीची किंवा चार्जरची वीज मिळाली की तांब्याच्या बारीक वाटा खाल्ल्या जातात आणि तिथे हिरवट पांढरं पीठ धरतं. ते मी पुढे डोळ्यांनी बघितलं.

आता तांदूळ. आमच्या वहिनींनी फोन सरळ इंद्रायणीच्या डब्यात पुरला. दोन दिवसांनी काढला तेव्हा काचेवरचं धुकं गेलं होतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं जमलं. पण धुकं जाणं म्हणजे बोर्ड वाळणं नव्हे. फोन तसाच पंख्यापुढे ठेवला असता तरी धुकं गेलंच असतं. शिवाय चार्जिंगच्या भोकात तांदळाचा भुसा आणि एक कणी अडकली ती वेगळीच. २०२४ च्या सुरुवातीला ॲपलनेसुद्धा आपल्या सूचनांत तांदळात फोन ठेवू नका असं सांगितलं, कारण हेच, बारीक कण आत जातात. माझा तरी अनुभव असा की तांदळाने नुकसान केलं ते दोन दिवस वाया घालवून. आत गंज तेवढाच वाढला. (तांदळाचा भात झाला, तो मात्र छान होता.)

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या सेवा केंद्रात गेलो. नाव घेत नाही. लोक वाईट नव्हते. टोकन, खुर्ची, गार पाणी, काउंटरवरची मुलगी ‘सर सर’ करून बोलणारी. तिने सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारला आणि पट्टी लाल झालीय म्हणाली. ही पट्टी कोरडी असते तेव्हा पांढरी असते. लाल झाली की वॉरंटी असली तरी उपयोग नाही, कारण साध्या वॉरंटीत पाणी बसत नाही. फोनच्या जाहिरातीत पाण्यात टिकण्याचा कितीही मोठा आकडा लिहिलेला असू दे. अंदाज दिला ९,४०० रुपये, बोर्ड बदलून. फोन घेतला होता १६,००० ला.

पैशाचंही मी कदाचित गिळलं असतं. अडलं ते फॉर्मपाशी. इंग्रजीत बारीक अक्षरात एक ओळ होती, डेटा गेला तर जबाबदारी आमची नाही. मी विचारलं, “नंबर तेवढे काढून द्याल का आधी?” “सर, आम्ही डेटा काढत नाही. बोर्ड नवीन येणार, म्हणजे फोन नव्यासारखा रिकामा मिळणार.” ठीक आहे. मग म्हटलं, जुना बोर्ड तेवढा मला द्या, मी बाहेर कुणाकडून तरी बघतो. ती म्हणाली, “जुना पार्ट आम्हाला कंपनीला परत पाठवावा लागतो सर.”

म्हणजे ९,४०० मी द्यायचे आणि माझे नंबर खोक्यात घालून गोदामात जायचे! तिचा त्यात काही दोष नव्हता, नियमच तसा. पण पेन हातात धरून मी दोन मिनिटं नुसता त्या ओळीकडे बघत राहिलो आणि फोन उचलून बाहेर आलो.

हे इतकं मनाला लागायचं कारण पुढे कळलं. नंबर, फोटो सगळं बोर्डावरच्याच चिपमध्ये असतं. पूर्वी ती चिप उपटून दुसरीकडे वाचता यायची म्हणे. आताच्या फोनमध्ये साठा कुलूपबंद असतो आणि किल्ली त्याच बोर्डावरच्या प्रोसेसरशी बांधलेली. म्हणजे नंबर हवे असतील तर तोच बोर्ड, निदान तासभर तरी, जिवंत करावा लागतो. बोर्ड बदलला की विषय संपला.

खडे बाजाराच्या आतल्या एका गल्लीत दीड माणूस बसेल एवढं दुकान आहे. पोरगा पंचविशीतला, माझ्याशी मराठीत, शेजारच्या गिऱ्हाइकाशी कानडीत आणि फोनवर उर्दूत बोलणारा. त्याचं पहिलं वाक्य: “काका, फोन पायजे का आतलं सामान पायजे?” सेवा केंद्रात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

त्याने मागचं झाकण गरम करून उघडलं, बॅटरी सोडवली, बोर्डावरची पत्र्याची टोपी काढली. भिंगाखाली मला दाखवलं: चार्जिंगच्या जागेजवळ शेवाळासारखा हिरवा ठिपका. दात घासायचा जुना ब्रश आयपीए म्हणजे चटकन उडून जाणाऱ्या अल्कोहोलमध्ये बुडवून तो हळूहळू घासत होता, मग बोर्ड थरथरणाऱ्या पाण्याच्या भांड्यासारख्या मशीनमध्ये. आणि मग, “नाळे बर्री.” उद्या या. बेळगावात हे ऐकलं की दोन उद्या धरायचे, तसे धरले.

फोन सुरू झाला, पण टच मेला होता. पॅटर्न काढणार कसा? त्याने ओटीजीची पिन लावून त्याला संगणकाचा माऊस जोडला. स्क्रीनवर बाण आला! मी बाणाने पॅटर्न ओढला, कॉन्टॅक्ट्समध्ये जाऊन एक्सपोर्ट केलं, सगळ्या नंबरांची एकच व्हीसीएफ फाइल मेमरी कार्डवर. सगळं मिळून चार मिनिटं. घेतले ८०० रुपये.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. असा उघडलेला फोन पुन्हा पाण्याला टिकत नाही, आणि नंतर कंपनी त्याला हात लावेल याची खात्री नाही. माझा तर तीन आठवड्यांत कायमचा बंद पडला. पावती वगैरे विचारू नका. पॅटर्न परक्याला सांगणं मला पटत नाही, म्हणून मी स्टुलावर बसून राहिलो, तुम्हीही बसा. आणि फोन नवा असेल, त्याचा विमा असेल, नंबर गुगलमध्ये असतील, तर सेवा केंद्रच बरं, तिथे मी आग्रह धरणार नाही.

घाईने डुप्लिकेट सिमही काढू नका. ते रिकामं येतं, आणि पहिले २४ तास एसएमएस बंद असल्याने ओटीपी येत नाहीत. जुनं सिम पुसून दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा, बहुतेक चालतं. माझ्या सिमवर जुन्या काळचे चाळीसेक नंबर निघाले. त्याच सिमवर व्हॉट्सॲप सुरू केलं तर ग्रुप परत येतात, आणि ग्रुपच्या यादीतून मंडळांचे बरेच नंबर मला कारागिराच्या आधीच मिळाले होते.

कार्डावरची फाइल नव्या फोनमध्ये उघडली, या वेळी गुगल निवडून. ६१२ नंबर, एकही कमी नाही. ‘जनरेटर खानापूर’ आला, ‘खुर्च्या हिंडलगा २’ आला, आणि ‘उचलू नको’ या नावाने सेव्ह केलेले तिघेही सुखरूप आले.