प्लेराइट : कापूस खरेदीच्या वेब-प्रणालीसाठी वापरून पाहिलेले चाचणी-साधन

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीची कापूस खरेदीची वेब-प्रणाली आम्ही सांभाळतो. दिवाळीनंतर आवक वाढली की काट्यावर गाड्यांची रांग लागते, आणि अशा वेळी काटापट्टी (वजनाची पावती) निघाली नाही तर शेतकऱ्याला गाडीवरच रात्र काढावी लागते. म्हणून हंगामापूर्वीच्या चाचण्या भरवशाच्या असाव्यात, असा आमचा आग्रह असतो. त्यासाठी आम्ही मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट हे २०२० मध्ये आलेले, ब्राउझर आपोआप चालवून वेब-प्रणाली तपासणारे मुक्तस्रोत साधन वापरतो.

प्रणालीत काहीही बदललेले नसताना चाचणी आज उत्तीर्ण आणि उद्या अनुत्तीर्ण झाली, तर हळूहळू तिच्याकडे कोणी लक्षच देत नाही. बहुतेक वेळा कारण साधे असते : नेट मंद असल्यामुळे ‘पट्टी तयार करा’ हे बटण उशिरा सुरू होते आणि चाचणी त्याआधीच क्लिक करून मोकळी होते. त्यावर ‘तीन सेकंद थांब’ अशी ओळ घालण्याची सवय अनेकांना असते. ती ओळ मंद नेटवर अपुरी पडते आणि वेगवान सर्व्हरवर वेळ वाया घालवते. प्लेराइट मात्र बटण दिसते का, स्थिर आहे का, सुरू आहे का आणि त्यावर दुसरे काही आलेले नाही ना, हे पाहूनच क्लिक करते. अपेक्षित मजकुराचीही ते, वेगळी मुदत दिली नसेल तर, ५ सेकंदांपर्यंत वाट पाहते. बटण त्यावरील मराठी नावाने शोधता येते आणि त्या नावाची दोन बटणे आढळली तर ते अंदाजाने एक न निवडता चूक दाखवते. हा काटेकोरपणा मला विशेष भावला.

प्रत्येक चाचणीला ब्राउझरचे कोरे सत्र मिळते, पण डेटाबेस सामाईकच राहतो आणि तिथली शिस्त आपल्यालाच लावावी लागते. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंतच्या ओलाव्याला पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यापुढे नकार असतो. म्हणून आमच्या चाचण्या ८, १२ आणि १२.१ या आकड्यांवर बेतलेल्या आहेत, आणि त्यांतील प्रत्येक चाचणी स्वतःचा शेतकरी व स्वतःची गाडी एपीआयमधून (पडद्याऐवजी थेट कोडमधून सर्व्हरशी बोलण्याच्या मार्गाने) तयार करते. पट्टीच्या पानावरील रकाने व बटणे चाचणीच्या कोडमधील एकाच वर्गात (क्लासमध्ये) ठेवल्यामुळे पडदा बदलला तरी दुरुस्ती एकाच ठिकाणी होते. फेरप्रयत्नात उत्तीर्ण झालेली चाचणी अहवालात ‘फ्लेकी’ (बेभरवशाची) म्हणून वेगळी दिसते. तिला उत्तीर्ण समजून सोडून देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

चाचणी फसल्यावर ट्रेसची, म्हणजे चाचणीच्या प्रत्येक पायरीच्या नोंदीची, फाइल उघडली की प्रत्येक क्लिकच्या आधीचे आणि नंतरचे पान, तसेच सर्व्हरकडे गेलेली प्रत्येक विनंती दिसते. दूर बसलेल्या सहकाऱ्याला ही एकच फाइल पाठवली तरी पुरते.

मर्यादा दोन आहेत. ब्राउझरांचे डाउनलोड शेकडो एमबींचे असल्याने ते तालुक्याच्या ठिकाणी चांगल्या नेटवर उरकावे. दुसरे म्हणजे, मोबाइलची नक्कल पडद्याचा आकार, स्पर्श आणि ब्राउझरची ओळख यांपुरती असते, स्वस्त फोनचा मंद प्रोसेसर त्यात येत नाही. त्यामुळे काट्यावर वापरला जाणारा फोन हातात घेऊन एक फेरी तपासावीच लागते.