'800 वॅट'चा सेकंडहँड बास कॉम्बो घेताय? मला कसं गंडवलं ते आधी वाचा

पब गिगसाठी हलका बास कॉम्बो, म्हणजे बास गिटारचा ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, सेकंडहँड घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचूनच घ्या, कारण मला ज्याने गंडवलं त्याची पद्धत इतकी सराईत होती की मी काही त्याचं पहिलं गिऱ्हाईक नसणार. नाव लिहीत नाहीये, नाव काय तो उद्या बदलेल, पद्धत तीच राहील.

जाहिरात अशी होती: 800 वॅट, 12 इंची निओडायमियम स्पीकर, वजन 11 किलो, फक्त घरी वापरलेला, पब गिगला एक नंबर. आता बासवाला हे वाचून पाघळणारच हो. पबमधे स्टेज म्हणजे कुठलातरी एक कोपरा, पीए (लोकांना ऐकवायची साउंड सिस्टिम) असतो तो गाणाऱ्यापुरता, ड्रम्सना माइक नसतो, त्यामुळे बासला ड्रमरसमोर स्वतःच्याच जोरावर उभं राहावं लागतं आणि वर ते सगळं सामान जिन्यावरून आपणच चढवायचं. एका हातात बास, दुसऱ्या हातात ॲम्प, एका खेपेत काम झालं पाहिजे ही सगळ्यांचीच इच्छा. आणि हलके ॲम्प म्हणजे काही थोतांड नाही, क्लास डी पॉवर ॲम्प आणि स्विचिंग पॉवर सप्लाय आले तसा तो जड ट्रान्सफॉर्मर गेला, निओडायमियममुळे स्पीकरचं मॅग्नेट हलकं झालं. 1969 सालचा अँपेग एसव्हीटी 300 वॅटचा होता आणि त्याचं नुसतं हेड (स्पीकरशिवायचा ॲम्प) जवळपास 40 किलो, आज 500 वॅटचं हेड गिगबॅगच्या खिशात जातं. त्यामुळे 800 वॅट आणि 11 किलो हे आकडे शेजारी शेजारी बघून कोणाला संशय येत नाही, आणि याचाच तो फायदा घेतो.

डेमो त्याच्या घरी. ॲम्प खोलीच्या कोपऱ्यात, थेट जमिनीवर, दोन्ही बाजूंना भिंत. कोपऱ्यात ठेवला की कुठलाही ॲम्प खालचे सूर जास्त देतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. बास त्याचाच, वाजवणाराही तोच आणि वाजवलं काय तर स्लॅप (अंगठ्याने तारा आपटून वाजवणं), वरच्या फ्रेटवरचे कॉर्ड, एकदम खणखणीत. मी म्हटलं दादा माझा बास लावून बघू का, ओपन ई (फ्रेट न दाबता ई ची जाड तार) जरा लांबवून वाजवतो, तर म्हणे शेजारी लगेच तक्रार करतात, आवाज नका वाढवू, आणि मास्टरच्या (एकूण आवाजाच्या) नॉबकडे बोट दाखवून म्हणाला, बघा फक्त 12 वाजताच आहे, अजून अर्धा बाकी आहे!

हे वाक्य लक्षात ठेवा, सगळा खेळ त्यात आहे. नॉब अर्ध्यावर म्हणजे पॉवर अर्धी असं काही नसतं. गेन (आत येणारा सिग्नल वाढवणारा नॉब) वर असेल आणि बासचं आउटपुट तगडं असेल तर बरेच ॲम्प 12 च्या आसपासच पूर्ण ताकदीला पोचतात, त्यापुढे फिरवलं की फक्त क्लिपिंग, म्हणजे आवाज फाटणं, वाढतं. म्हणजे जे मला अर्धं म्हणून ऐकवलं ते जवळपास सगळंच होतं. दुसरं म्हणजे आपला कान. ओपन ई चा मूळ सूर 41 हर्ट्झचा, पण त्याचे वरचे हार्मोनिक्स (त्याच्या पटीतले सूर), 82, 123 वगैरे, नीट ऐकू आले तर मेंदू खालचा सूर स्वतःच भरून घेतो. छोट्या खोलीत म्हणून कुठलाही छोटा स्पीकर भरदार वाटतो. पबमधे ड्रमरची किक सुरू झाली, लोकांचा गोंगाट सुरू झाला की मेंदूची ही मदत संपते.

आणि झालंही तसंच. पहिल्या गाण्यात गिटारवाला वळून बघायला लागला की बास चालू आहे ना. मी वाढवला, तर नुसती तारांची खटखट वाढली, खाली काहीच नाही. बासचा नॉब वाढवला तर स्पीकर फडफडायला लागला आणि क्लिपचा लाल दिवा लागला तो विझेचना. ब्रेकनंतर तर हळू वाजवलं तरी खरखर यायला लागली.

ॲम्प दुरुस्त करणाऱ्याने जाळी काढली आणि हसलाच. आत निओडायमियम नाहीच, साधा फेराइट मॅग्नेटचा स्वस्तातला पीए स्पीकर, त्यावर ना कंपनीचं नाव ना पार्ट नंबर, स्क्रूची डोकी घासलेली, मूळ कनेक्टर कापून वायरी थेट सोल्डर केलेल्या. कॉइल वाकडी होऊन घासत होती. वजन केलं तर 11 च्या जागी 14 च्या वर भरलं. उचलताना जड वाटला होता, पण तेव्हा तो म्हणाला होता की केबल आणि कव्हरसकट आहे ना म्हणून. मूळ स्पीकर एकतर फुंकला असेल किंवा काढून वेगळा विकला असेल, दोन्ही शक्य आहे, कारण चांगल्या निओडायमियम स्पीकरला एकट्यालाही गिऱ्हाईक मिळतं.

आता त्या 800 ची गंमत. तो आकडा पीकचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचा. साइन वेव्हसाठी पीक पॉवर ही आरएमएसच्या (सतत देता येणाऱ्या पॉवरच्या) दुप्पट, म्हणजे झाले 400. ते 400 सुद्धा 4 ओमवर (ओम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा रोध), आणि कॉम्बोच्या आतला स्पीकर 8 ओमचा, तिथे साधारण निम्मे, म्हणजे 200 च्या आसपास. यात ओमचा भाग फसवणूक नाही, हे चांगल्या कंपन्यांच्या ॲम्पमधेही असतं, फक्त ते लिहून सांगतात. फेंडर रंबल 500 बघा, नुसत्या आतल्या स्पीकरवर 350 वॅट आणि एक्स्टेंशन कॅब (बाहेरून लावायची जादा स्पीकरपेटी) जोडली तर 500, सरळ लिहिलेलं असतं. हा मात्र 800 चा स्टिकर पुढे चिकटवून मोकळा.

पण खरं सांगू का, मला वॅटच्या थापेचा तेवढा राग नाही. 800 चे 200 म्हणजे 6 डेसिबल कमी, कारण पॉवर निम्मी झाली की फक्त 3 डेसिबल जातात. स्पीकरची थाप जास्त महागात पडली. समजा मूळ स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटमधे तो किती मोठा वाजतो ते, डेसिबलमधे) 98 होती आणि नवीन लावलेल्याची 92, तर तिथेही 6 डेसिबल गेले, म्हणजे चौपट वॅट वाया, आणि हे कुठल्याच स्टिकरवर दिसत नाही. वर ती पेटी मूळ स्पीकरच्या हिशोबाने ट्यून केलेली, तिचा पोर्ट (पेटीचं हवेचं भोक) त्याच्या मापाचा. त्यात दुसराच कुठलातरी स्पीकर टाकला की खालच्या सुरांना त्याचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) ताब्यातच राहत नाही, नुसता पुढेमागे हिंदकळतो आणि मरतो. पाच तारांचा बास असेल तर विचारूच नका, लो बी 31 हर्ट्झला असतो.

त्याला मेसेज केला तर पहिलं उत्तर, तुमच्या बासच्या पिकअपचं आउटपुट कमी असेल. मग म्हणे कंप्रेसर पेडल लावा. जाळी काढलेला फोटो पाठवला तर म्हणाला मी चालू कंडिशनमधे दिला होता, नंतर तुम्ही काय केलं मला काय माहीत, आणि ब्लॉक. जाहिरात तोवर काढून टाकलेली, माझ्याकडे स्क्रीनशॉट नाही, चॅटमधे 'निओडायमियम' हा शब्द त्याने एकदाही लिहिलेला नाही, तेवढं सगळं तो फोनवर बोलला होता. म्हणून जे काय विचारायचं ते लेखी विचारा: आरएमएस किती, किती ओमवर, स्पीकर ओरिजनल आहे का. चिडला तर चिडू दे.

बघायला जाल तेव्हा स्वतःचा बास आणि सामान तोलायचा हुकवाला काटा घेऊन जा, कंपनीने दिलेल्या वजनाशी ताडून बघा, दोन-तीन किलोचा फरक उगाच पडत नाही. मोबाइलचा टॉर्च पोर्टमधून आत मारला की मॅग्नेट बऱ्याचदा दिसतं, फेराइटचं मोठं काळं चक्र असतं, निओडायमियमचं एकदम लहान. मल्टिमीटर असेल तर ॲम्प बंद करून स्पीकरची वायर काढून मोजा, 8 ओमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, 4 ओमचा तीन-साडेतीन. ॲम्प कोपऱ्यातून खोलीच्या मधे ओढायला लावा, ईक्यू (बास-ट्रेबलचे नॉब) सगळा फ्लॅट, आणि बोटांनी ओपन ई वाजवून लांबवा, फडफड येते का ऐका. शेजाऱ्यांचं कारण आलं तर म्हणा, ठीक आहे, रिहर्सल रूममधे भेटू, भाडं मी देतो. ज्याचा माल खरा आहे तो येतो. मागच्या प्लेटवरचा पॉवर कन्झम्पशनचा आकडा बघून मात्र लगेच आरडाओरडा करू नका, तो बऱ्याचदा पूर्ण पॉवरला मोजलेला नसतो, त्यामुळे चांगल्या ॲम्पवरही कमी दिसतो.

पैसे परत मिळाले नाहीत. पॉवर ॲम्पचा भाग तेवढा धड निघाला म्हणून त्याच मॉडेलचा मूळ 8 ओमचा स्पीकर शोधून बसवला आणि आता तोच '800 वॅट', म्हणजे खरे 200, छोट्या पबमधे ड्रमरसमोर आरामात टिकतो. जागा मोठी असली की डीआयमधून (ॲम्पचा सिग्नल थेट पुढे देणारं आउटपुट) पीएला लाइन देतो, अर्थात पीएला बास झेपत असेल तर.