फ्रेंच क्रियापदांची कुळकथा सांगणारं सीएनआरटीएल

फ्रेंचचा पाया थोडा पक्का झाला की माझ्या विद्यार्थ्यांना मी सीएनआरटीएल हे संकेतस्थळ उघडायला लावते. फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन केंद्राने २००५ साली सुरू केलेलं हे भाषाभांडार नान्सी शहरातून चालतं. नोंदणी लागत नाही, शुल्कही नाही. त्याचा गाभा म्हणजे 'त्रेझोर', १९७१ ते १९९४ या काळात छापून पुरा झालेला सोळा खंडांचा कोश. सुमारे एक लाख शब्द आणि चार लाखांहून जास्त अवतरणं त्यात आहेत.

पण माझा जीव जडला आहे तो 'एतिमोलोजी', म्हणजे व्युत्पत्ती, या भागावर. तिथे 'त्रेर' टाकून बघा. आज या क्रियापदाचा अर्थ गाईची, शेळीची धार काढणं, एवढाच. मूळ मात्र लॅटिनचं 'त्राहेरे', म्हणजे ओढणं. जुन्या फ्रेंचमध्ये माणसं दोर ओढायची, तलवार उपसायची, बाण सोडायची, ते सगळं 'त्रेर'नेच. बाणाला 'त्रे' म्हणायचे ते त्यावरूनच, आणि गाडा ओढणारा घोडा आजही 'शव्हाल द त्रे'च आहे. पुढे ओढण्याचं काम 'तिरे' या क्रियापदाने बळकावलं आणि 'त्रेर' गोठ्यात जाऊन बसलं.

गोठ्यातच का? भाषाशास्त्रज्ञ कारण देतात ते मला फार आवडतं. धार काढण्यासाठी लॅटिनमध्ये 'मुल्गेरे' होतं, दळण्यासाठी 'मोलेरे'. झिजत झिजत फ्रेंचमध्ये दोन्हींचं 'मूद्र' झालं. शेतावरच्या घरात दळण आणि धार यांना एकच शब्द कसा चालणार? दळणाने तो ठेवला, धारेला दुसरा शोधावा लागला.

आणि 'त्रेर' एकटं नाही. 'पोनेरे' म्हणजे ठेवणं, त्याचं 'पोंद्र' झालं, अंडी घालणं. 'कुबारे' म्हणजे आडवं होणं, त्याचं 'कूवे', अंडी उबवणं. 'मुतारे' म्हणजे बदलणं, त्याचं 'म्युए', कात किंवा पिसं टाकणं. एवढे ऐसपैस अर्थ असलेली क्रियापदं गुराढोरांच्या आणि कोंबड्यांच्या जगात आक्रसत गेली. ही साखळी वर्गात सांगितली की मुलं हे शब्द विसरत नाहीत.

अडचणी आहेत. सगळा मजकूर फ्रेंचमध्ये आणि व्युत्पत्तीच्या परिच्छेदात संक्षेपांची दाटी, त्यामुळे अगदी नवख्या माणसाने इथून सुरुवात करू नये. अवतरणं मुख्यतः एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या साहित्यातली आहेत, आजच्या बोलीसाठी दुसरा कोश जवळ हवा. जुन्या वापरासाठी मात्र याच ठिकाणी १३३० ते १५०० या काळातल्या फ्रेंचचा वेगळा कोश जोडलेला आहे, तो अवश्य चाळा.

पहिल्या भेटीत 'सव्रे' आणि 'सेपारे' या दोन नोंदी शेजारी शेजारी उघडा. दोन्ही लॅटिनच्या 'सेपारारे'पासून आलेल्या. पंडितांनी ग्रंथांतून उचललं त्या 'सेपारे'चा अर्थ अजूनही वेगळं करणं असाच आहे. लोकांच्या तोंडी घासून तयार झालेल्या 'सव्रे'चा अर्थ मात्र बाळाचं अंगावरचं दूध तोडणं.