लिंबाची रोपं घेतली, खैऱ्या रोग फुकट मिळाला (२ स्टार)

२ स्टार देतोय ते पण गाडीवाल्या पोरासाठी, १२५ रोपं एकही पिशवी न फुटता वावरापर्यंत आणून दिली त्यानं. नर्सरीचं नाव टाकत नाही, उगाच भांडण नको.

कागदी लिंबू, ४५ रुपये नग, जूनमध्ये लावली. दिसायला एक नंबर, हिरवीगार. पोळ्याच्या आसपास सहज एक पान उलटं केलं तर तिळाएवढे तपकिरी फोड, भोवती पिवळी कडा, अंगठा फिरवला की कानशीसारखं खरखरीत. बापू बांधावरूनच म्हणाले, खैऱ्या आहे (लिंबाचा कँकर रोग). आणि सगळ्यात जास्त डाग खालच्या जुन्या पानांवर, म्हणजे नर्सरीतूनच आलेल्या. आमच्या वावरात त्याआधी लिंबाचं एक झाड नव्हतं हो.

नर्सरीच्या मालकाला फोटो टाकले तर म्हणे "काही होत नाही भो, कॉपर मार." कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं फवारणीचं औषध) मारतोच आहे, पण त्यानं नवी पालवी वाचते, डाग पडलेलं पान काही बरं होत नाही, आणि एकदा नागअळीनं पान पोखरलं न् वर वाऱ्यापावसाची झड आली की रोग शेजारच्या झाडावर गेलाच समजा.

"काही होत नाही" म्हणणाऱ्याला अमेरिकेतलं फ्लोरिडा सांगावंसं वाटतं (कृषी डिप्लोमाला शिकलो होतो, तेव्हा नुसतं मार्कांपुरतं). तिथं १९१० च्या सुमारास हा रोग गेला तोच मुळी जपानहून मागवलेल्या रोपांवरून. झाडं जाळून जाळून १९३३ ला संपवला. १९९५ ला मायामीत परत निघाला, मग २००० ला सरकारनं नियम काढला की रोगी झाडापासून १९०० फुटांतलं लिंबूवर्गीय प्रत्येक झाड तोडायचं, चांगलं असलं तरी. १९०० फूट म्हणजे आमच्या विहिरीपासून थेट मारुतीच्या पारापर्यंत! लोकांच्या परसातली झाडं पण गेली, पहिल्या झाडामागे १०० डॉलरचं दुकानाचं कूपन, लोक कोर्टात गेले ते वेगळंच. १ कोटी ६० लाखांच्या वर झाडं पाडली आणि २००४-०५ च्या चक्रीवादळांनी रोग इतका पसरवला की जानेवारी २००६ मध्ये सरकारनं हात टेकले.

आपल्याकडे खैऱ्या सगळीकडेच आहे, मान्य. पण नवीन वावरात पैसे मोजून कशाला आणायचा? केंद्राच्या क्लीन प्लांट प्रोग्रॅमला (रोगमुक्त रोपं द्यायची योजना) २०२४ ला मंजुरी मिळालीय, लिंबूवर्गीयासाठी नागपूरचं सेंटर आहे त्यात, पण ती स्वच्छ रोपं आमच्या तालुक्यात येईपर्यंत याच नर्सऱ्या.

३१ रोपं उपटून जाळली. मालक बदली रोपं द्यायला तयार झाला, तेवढा माणूस बरा, पण गेलो तर त्याच वाफ्यातली पोरानं काढून ठेवलेली. पहिल्याच रोपाचं पान उलटं केलं आणि रिकामी गाडी घेऊन परत आलो. डिझेल माझंच.