सात कामगारांची पॉलिसी, नंबर मात्र स्कूटरचा

गोव्यात फोंड्याजवळ माझं फर्निचरचं वर्कशॉप आहे. कामगार सात. दहाच्या आत असल्यामुळे ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागत नाही, म्हणून मी कामगार भरपाईची पॉलिसी घेतली होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण आता जो तो विचारतो, "विमा काढला नव्हता काय?" 18,650 रुपये मोजले होते मी! 2022 च्या गणेश चवथीच्या आठ दिवस आधी, 10,000 यूपीआयने आणि 8,650 रोख. एजंट आमच्याच गावचा, जत्रेच्या कामात खांद्याला खांदा लावून राबणारा. अशा माणसाकडे कोण परवाना मागतो? तुम्ही मागा. भाऊ असला तरी मागा.

मार्च 2023 मध्ये टेबल कटरवर माझ्या तीस वर्षांच्या सुताराची उजव्या हाताची तीन बोटं गेली. ती स्वच्छ फडक्यात गुंडाळून मीच त्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेलं. वाटेत तो एकच विचारत होता, "पात्रांव (म्हणजे मालक), परत रंधा धरता येईल ना?" मी म्हटलं, विमा आहे, तू काळजी करू नकोस. हे बोललेलं आठवलं की आजही झोप उडते.

क्लेम घेऊन कंपनीच्या शाखेत गेलो. तिथल्या मुलीने नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. वास्कोतल्या कुणाच्या तरी स्कूटरची पॉलिसी! त्याच पीडीएफवर माझं नाव, पत्ता आणि 'कामगार 7' चढवलेलं.

आणि मला ते दिसलं होतं. पीडीएफ आली त्या रात्री जेवण झाल्यावर मी ती मोबाईलवर उघडली होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं, चालकाकडे वैध परवाना असणे बंधनकारक. सुतारांच्या पॉलिसीत चालक कुठून आला? मी थबकलो, बायकोलाही दाखवलं. मग स्वतःच म्हणालो, छापील अटी सगळीकडे सारख्याच असतात. आणि फोन बाजूला ठेवला. कंपनीचा एक एसएमएस आला नाही, पैसे एजंटच्या स्वतःच्या खात्यावर गेले, तरी मी गप्प. पण सकाळी सातपासून मशीनवर उभा असणारा माणूस रात्री किती बारीक अक्षरं वाचणार?

आता रक्कम ऐका. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्याने पगार जास्त असला तरी हिशेब महिना 15,000 वर व्हायचा. त्याचे 60 टक्के 9,000, त्याला गुणायचा तिसाव्या वर्षाचा कायद्यातला आकडा 207.98, आणि तीन बोटं गेल्याने कमाईची ताकद घटते म्हणून त्याचे 30 टक्के. झाले 5,61,546. हे महिन्याभरात द्यायचे असतात. मी एजंटच्या "आज होईल, उद्या होईल" वर बसलो, म्हणून 12 टक्क्यांनी चौदा महिन्यांचं व्याज 78,616. एकूण 6,40,162. उशिराबद्दल निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो खरी पॉलिसी असती तरी मालकाच्याच खिशातून जातो. पैसे थकले तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी. मी फसलो, हा बचाव चालत नाही. कामगाराने काय केलं होतं? त्याचं त्याला मिळालंच पाहिजे, यावर माझा वाद नाही.

एका शहाण्याने सुचवलं, लाखभर देऊन स्टॅम्प पेपरवर सही घे. चुकूनही करू नका. हक्क सोडल्याचा असला कागद कायद्याने रद्दच ठरतो.

राग आहे तो बाकीच्यांवर. पोलीस स्टेशनवर म्हणाले, पैशांचा व्यवहार आहे, दिवाणी दावा लावा. बनावट कागद हातात धरून उभा होतो मी, तरी दिवाणी! सायबरवाल्यांनी सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत, आणि एवढ्या महिन्यांनी कसे आलात? कंपनी म्हणते, तो आमचा एजंट नाही. त्यांच्या नावाचा, शिक्क्याचा कागद गावभर फिरतो, त्याचं त्यांना काहीच नाही? ऑनलाइन तक्रार केली, ती फिरून त्याच कंपनीकडे गेली आणि 'निकाली' म्हणून बंद झाली. सहा वेळा पणजीला गेलो. दर वेळी वर्कशॉप बंद, दर वेळी नवा साहेब, पुन्हा पहिल्यापासून सांगा.

पॉलिसीवर मोबाईल नंबर स्वतःचाच घाला, माझ्या पॉलिसीवर एजंटचा होता. चेक द्यायचा तो कंपनीच्या नावाने. पॉलिसी नंबर शाखेत जाऊन तपासा, अपघात व्हायच्या आधी.

पैसे सोसायटीचं कर्ज काढून भरले. सुतार परत कामावर आलाय, डाव्या हाताने पॉलिश मारतो. एजंटने गाव सोडलेलं नाही.