युरोक्लिअर, ब्रुसेल्स: पैसे सांभाळतात एक नंबर, काढायचं म्हटलं की बोंब (3/5)

आधीच सांगतो, तुमचंआमचं खातं इथे निघत नाही. आपल्याकडे एनएसडीएल सीडीएसएल शेअर्स डिमॅटमधे सांभाळतात तसलंच काम, फक्त गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या बँका आणि देशांच्या सेंट्रल बँका. तरी लिहितोय कारण युक्रेन परत उभं करायचा खर्च कोणी द्यायचा हे भांडण याच कंपनीच्या दारात येऊन अडकलंय.

सेफ्टीला पैकीच्या पैकी. 2022 ला युद्ध सुरू झाल्यावर रशियाच्या सेंट्रल बँकेचे जगभरात मिळून 300 अब्ज डॉलरच्या आसपास पैसे पाश्चात्य देशांनी गोठवले, त्यातले साधारण 190 अब्ज युरो इथेच पडलेत आणि मुद्दल जागचं हललेलं नाही. त्यातल्या बाँडची (कर्जरोख्यांची) मुदत संपत गेली, कॅश साठली, कंपनीने ती गुंतवली, 2023 मधे नुसतं व्याजच 4.4 अब्ज युरोच्या घरात. हे व्याज नियमाने रशियाला द्यावं लागत नाही. बेल्जियम त्यावर टॅक्स घेतं (मजाच आहे!), बाकीच्यातून जुलै 2024 ला दीड अब्जाचा पहिला हप्ता युक्रेनसाठी गेला, पण त्यातले 90 टक्के लष्करासाठी आणि उरलेले 10 टक्के पुनर्बांधणीला. म्हणून एक स्टार कट. निर्णय ईयूचा (युरोपियन युनियनचा) होता, कंपनीचा नाही, माहितीय, तरीपण.

आता विथड्रॉवल. फेब्रुवारी 2025 चा वर्ल्ड बँक, यूएन वगैरेंचा अंदाज होता युक्रेन परत उभं करायला दहा वर्षांत 524 अब्ज डॉलर लागतील. जी-7 ने (सात श्रीमंत देशांच्या गटाने) 2024 मधे युक्रेनला 50 अब्ज डॉलरचं कर्ज ठरवलं, तेही ह्या गोठलेल्या पैशाच्या व्याजातून फिटणारं, मुद्दलाला हात लावायला कोणी तयार नाही. पुढे युरोपियन कमिशनने (ईयूचा कारभार चालवणारी संस्था) ह्या गोठलेल्या मुद्दलाच्या जोरावर युक्रेनसाठी मोठं कर्ज काढायची टूम काढली, जर्मनी पाठीशी, तर बेल्जियमचे पंतप्रधान बार्ट डी वेवर अडून बसले की उद्या रशिया कोर्टात जिंकला तर भरायचं कोणी, आधी सगळ्यांनी गॅरंटी द्या. मला तर त्यांचं पटलं. पैसा वापरायचा सगळ्यांनी आणि जोखीम एकट्या बेल्जियमच्या गळ्यात, असं कोण ऐकेल? तेवढ्यात रशियाच्या सेंट्रल बँकेने मॉस्कोत युरोक्लिअरवर केस पण ठोकली.

शेवटी डिसेंबर 2025 ला ठरलं काय, तर रशियाच्या पैशाला हात न लावता ईयूने युक्रेनसाठी 90 अब्ज युरो बाजारातून कर्जाने उचलायचे, 2026 आणि 2027 साठी. त्यातही हंगेरी, स्लोव्हाकिया, चेकिया म्हणाले आमच्यावर बोजा नको. आणि ही रक्कम सरकार चालवायला आणि लढायलाच जाणार, पडलेल्या घरांचा नंबर कधी लागणार कोणास ठाऊक. दुसरा स्टार इथे गेला.

पैसे ठेवायचे असतील तर डोळे झाकून ठेवा. काढून पूल, शाळा बांधायच्या असतील तर आधी हमीपत्रावर सही कोण करतंय ते बघा.